हिरवी चौकट

टीव्हीच्या पडद्यावर त्यांचीच बैठकीची खोली उमटली होती आणि खोलीत जो जो होता त्याच्याभोवती एक हिरवी चौकट होती, गोजाबाईंभोवती नव्हती. पूनम चहाचा ट्रे घेऊन आली, तर चौकट स्वयंपाकघराच्या दारापासून दिवाणापर्यंत तिच्याबरोबर चालत आली. निरंजन फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. त्याची चौकट इमानी कुत्र्यासारखी त्याच्या मागे होती. कामाला येणारी अंबूबाई फडके घेऊन वाकली, तिलाही मिळाली. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला तेव्हा त्यालासुद्धा क्षणभर मिळाली आणि चूक ध्यानात आल्यासारखी विझून गेली. मधोमध, सासऱ्यांच्या सागवानी खुर्चीत, हातावर हात ठेवून बसलेल्या गोजाबाई मात्र नुसत्याच होत्या, जसे कपाट होते, जसे घड्याळ होते. चित्र काही अंधूक नव्हते. उलट इतके लख्ख होते की पदराच्या काठाचा उसवलेला टाका दिसावा, कपाळावरचे गोंदण दिसावे. आयुष्यात त्यांनी स्वतःला इतके स्वच्छ कधी पाहिले नव्हते. आणि इतके स्वच्छ दिसूनही आपण त्यात नाही, हे उमजायला त्यांना थोडा वेळ लागला.

"सर, आजी येत नाहीयेत," मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहत संघर्ष म्हणाला. निरंजनच्या कंपनीतला हा तरुण अभियंता दापोडीहून रोज मोटारसायकलने तळवड्याला येई. आज कॅमेरा बसवायला घरी आला होता.

"येत नाहीये म्हणजे? समोर तर बसलीय आई."

"दिसतायत हो सर. मोजल्या जात नाहीयेत."

पूनम हसली. हसणे वाईट नव्हते. वाईट असते तर गोजाबाईंना सुनेचा समाचार तरी घेता आला असता. "आई, जरा हात हलवा बघू," ती म्हणाली. "असा. टाटा करतात तसा."

"टाटा करायला मी काय एसटीत बसलेय?" गोजाबाई म्हणाल्या, आणि हातावरचा हात हातावरच राहिला.

मग निरंजनने खुर्ची ओढून, लहानपणी शाळेतल्या गमती सांगायला बसायचा तसे त्यांच्यासमोर बसून, सगळे समजावून सांगितले. कॅमेऱ्याच्या पोटात त्याच्या कंपनीची नखाएवढी चिप होती. तिच्यात आठ मेंदू. तो त्यांना कोअर म्हणे. सात निजलेले असायचे, एक जागा. जाग्याला कुणी ओळखू येत नसे. मघाचे चित्र आणि आताचे चित्र यांत काही हलले का, एवढेच तो पाही. हलले, की तो बाकीच्यांना उठवी. मग ते सारे मिळून माणूस आहे की मांजर याचा छडा लावीत आणि पुन्हा निजत. काही हलले नाही तर कुणी उठायचे कारण नव्हते. "म्हणून वीज लागत नाही, आई. एका बॅटरीवर सहा महिने. एवढं स्वच्छ चित्र बघायचं म्हणजे इतरांच्या चिपा तव्यासारख्या तापतात. आपली हातात धर, गार."

"आणि जे हलत नाही त्याचं काय होतं?"

"ते बॅकग्राउंड. भिंत, कपाट, सोफा..." निरंजन बोलता बोलता अडखळला. "म्हणजे थोड्या वेळानं यंत्र त्याला खोलीचाच भाग धरतं. त्याचं काय आहे, हे बनवलंय चाकणच्या गोदामासाठी. तिथं खोकी जागच्या जागी असली की सगळं ठीक. हललं की बोंब. उंदीर फिरला तरी कळलं पाहिजे त्यांना."

"सर, सातही कोअरना मधूनमधून उठवून बघायला लावता येईल," संघर्ष म्हणाला. "पण बॅटरी आठवड्यात बसणार. आणि डिझाइन आता सील झालंय. बंगळुरूवाल्यांना विचारल्याशिवाय त्यातलं काही बदलता येत नाही."

"नको नको," निरंजन घाईने म्हणाला. "सहा महिने हाच तर आपला मोठेपणा आहे."

गोजाबाईंनी मान हलवली नाही. त्यांना सगळे समजले होते, मुलाला वाटत होते त्याहून जास्तच. त्यांच्याकडे बघायला वीज फार लागत होती.

आणि समजण्यासारखे त्यात नवे होते तरी काय? गॅलरीतून समोर काचेची जी इमारत दिसत होती, जिच्या तिसऱ्या मजल्यावर निरंजनची कंपनी होती, तिथे लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा शाळवाचा मळा होता. कणसात दाणा भरू लागला की इंद्रायणीकडून पाखरांचे थवे येत. घरात माणसे कमी नव्हती, पण सासरे दत्तोबा यांनी राखणीच्या माळ्यावर नव्या सुनेलाच चढवले आणि खाली उभे राहून, वर न बघता, जसे त्या काळी सुनेशी बोलत तसे ज्वारीच्या ताटांकडे बघत सांगितले, "राखण म्हंजी हातपाय झाडनं न्हाई, पोरी. जो समदा दिस वरडतो त्याला पाखरं भीत न्हाईत. गप बसायचं. अंग निजलेलं, डोळा जागा. थवा उतरला की मंग उठायचं." कोवळ्या वयाच्या त्या मुलीने ते शिकून घेतले. चार बांबूंवरच्या त्या फळ्यांवर ती अशी बसे की सरडा पायावरून जाई. मांडीत गोफण पडलेली. पाय निजलेले, पाठ निजलेली, पोटातली भूकसुद्धा निजवलेली. फक्त एक डोळा आभाळाच्या काठावर. आणि थव्याची सावली मळ्यावर वळली रे वळली, की सारे अंग एकदम उठे, गोफण डोक्यावर घुमे, गुंडा सणसणत जाई, आणि पाखरांचा अख्खा थवा झटकलेल्या चादरीसारखा आभाळात उलटा होई. पाखरू मारायचे नसे, उठवायचे असे. पुन्हा बसायचे, पुन्हा निजायचे. हे जे आठ मेंदूंचे मोठे कौतुक आज त्यांच्या मुलाने त्यांना शिकवले, ते त्याच्या जन्माआधी त्याच जागेवर त्याच्या आईने एका अंगात सांभाळले होते, आणि त्यासाठी तिला कुणी बंगळुरूला बोलावले नव्हते.

मळ्यात दुसराही एक राखणदार असे. दोन काठ्यांची फुली, तिच्यावर मालकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सोनबांचा, फाटका सदरा, आणि डोके म्हणून चुन्याने डोळे काढलेले मडके. बुजगावण्याला पाखरे एक-दोन दिवस भीत. मग त्यांना कळे. मग कावळा त्याच्या खांद्यावर बसून चोच पुशी, चिमण्या त्याच्या बाहीतून काड्या ओढीत. म्हणून दत्तोबांचा दंडक होता, की दर दोन दिवसांआड सकाळी गड्याने बुजगावणे उपटायचे आणि चार पावले पलीकडे रोवायचे. "जागा बदलली की पाखराला वाटतं, जितं हाय." माळ्यावरून ती हे बघे. उचलून नेताना त्याचे हात लोंबकळत, मडके एका अंगाला कलंडे. तिला हसू येई. त्या वयात अशा गोष्टींचे हसूच येते.

पुढे माळा गेला, मळा गेला, जमीन ताब्यात घ्यायला सरकारी मोजणीवाले साखळ्या घेऊन आले. सोनबा त्याआधीच वारले होते आणि दत्तोबा अंथरुणाला खिळले होते, म्हणून ही खुर्ची अंगणात मांडून गोजाबाई तिच्यावर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. पण त्या बसल्या आहेत एवढ्यासाठी मोजणीवाले दिवसभर एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत राहिले आणि विहिरीजवळचा आंबा त्यांनी हद्दीबाहेर दाखवला. न हलण्यात केवढी सत्ता असते ते त्या दिवशी त्यांना उमगले. तेव्हापासून या घरात बाकीच्यांनी हलायचे आणि त्यांनी बसायचे, असे ठरून गेले. त्यांनी नुसती नजर वळवली की स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबत. धाकटे दीर उंबऱ्यात चपला काढून अदबीने उभे राहत. पूनम नवी नवरी म्हणून आली, तेव्हा थेरगावच्या तिच्या आईने तिला म्हणे बजावले होते, की सासूबाई ओरडल्या तर घाबरू नकोस, गप्प बसल्या तर घाबर. हे पूनमनेच एकदा हसत सांगितले होते, आणि गोजाबाईंना ते आवडले होते, जरी त्यांनी तसे दाखवले नाही.

आता तीच पूनम बॅगा भरत होती. बंगळुरूच्या मोठ्या कंपनीने निरंजनची कंपनी विकत घेतली होती आणि कंपनीबरोबर निरंजनलाही. काही वर्षे तरी तिकडे राहावे लागणार होते. आपण तिकडे जाणार नाही, हे गोजाबाईंनी न बोलता सांगितले होते आणि सर्वांनी न बोलता मानले होते. बाई ठेवू म्हटले, तर भाड्याचे माणूस माझ्या घरात निजणार नाही, असे त्या बोलून मोकळ्या झाल्या. मग तळेगावजवळच्या एका ज्येष्ठ निवासाचे रंगीत माहितीपत्रक घरात आले. त्यात हिरवळीवर म्हातारी माणसे दात दाखवून हसत होती आणि सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या होत्या. त्या चिठ्ठ्या पाहून गोजाबाईंनी ते पालथे घातले. शेवटी निरंजनने तोड काढली. आठवडाभर हा कॅमेरा लावून बघू. फोनवर एवढेच येणार, घरात हालचाल आहे किंवा नाही. चालला, तर आई, तू तुझ्या घरात राहा. सकाळी अंबूबाई येऊन करून जाईल. नाही चालला, तर तळेगाव. "कबूल?" त्याने विचारले होते. ज्या बाईने एके काळी या गावात कुणाच्या मुलीची सोयरीक कुठे करावी हे ठरवले, तिला तिच्या मुलाने कबूल का असे विचारले, आणि ती कबूल म्हणाली.

अंबूबाईला तो कॅमेरा फार आवडला. "आक्का, म्या पदर खवचला तरी त्याला कळतंय बगा. रोज फोटू निगनार म्हनून नवं पातळ काडलंय." दुपारी ती गेली की घर रिकामे होई. कॅमेऱ्याच्या खाली मोहरीएवढा हिरवा दिवा होता. आतले मेंदू जागे असले की तो लागे. अंबूबाईच्या मागे दार बंद झाल्यावर तो थोडा वेळ तेवत राही आणि मग विझे. गोजाबाई खुर्चीतून त्याच्याकडे बघत. त्यांना वाटे, हा विझायचा क्षण आपल्याला सापडला पाहिजे. माणूस ज्या क्षणी भिंत होतो तो क्षण. पण तो कधी सापडला नाही. पापणी लवे आणि दिवा गेलेला असे. मग फ्रिज गुरगुरे, बाहेर चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांनी खिडकीच्या काचा थरथरत, आणि त्या मोजल्या न जाणाऱ्या खोलीत बसून राहत. एक बोट उचलले असते तरी पुरले असते. तेच बोट उचलवत नव्हते. आपण जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी हात हलवायचा, तर जिवंत असण्यात उरले काय? दत्तोबांनी बसायला शिकवले, सोनबांच्या माघारी बसण्यानेच घर राखले, आणि आता नखाएवढ्या चकतीपुढे लहान मुलाने बाईंपुढे करावा तसा हात वर करायचा. उद्या करीन, असे त्या मनाशी म्हणत. आज नाही.

गुरुवारी पूनम धावत आली. थेरगावला माहेरी निरोप घ्यायला गेली होती; तिथे डांगे चौकात भाजी घेताना फोन वाजला, घरात हालचाल नाही. सासूबाईंचा फोन कुणी उचलीना. तो आतल्या खोलीत चार्जिंगला होता. रिक्षाने, केस विस्कटलेले, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच, ती दार उघडून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. गोजाबाईंनी तिच्याकडे पाहिले. पूनमने त्यांच्याकडे पाहिले, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. दोहोंतले खरे कोणते, हे ती ठरवत होती. ते दुसऱ्यांदा पाहणे गोजाबाईंच्या मनात कुसळासारखे मोडून राहिले.

"आई! तुम्ही इथेच?"

"मग कुठं जाणार?"

"अहो, मला वाटलं..." आणि ती खरोखरच रडू लागली, जमिनीवर बसून, कोथिंबीर मांडीत घेऊन. "हात हलवायला काय जातं हो तुमचं? एवढासा हात? मी तिकडे हजार कोसांवर असेन. रोज असाच फोन वाजला तर मी जगू कशी? त्यापेक्षा तळेगाव बरं. तिथं निदान दर तासाला कुणी दारात येऊन बघून जातं."

गोजाबाईंना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचलला असता तर दिवाही लागला असता. पण दिवा लागलेलाच होता. पूनम रडत होती, खांदे हलत होते, तिच्यासाठी तो तेवत होता. त्या एवढेच म्हणाल्या, "कोथिंबीर चुरगळली बघ. उठ, तोंड धू."

रविवारी संघर्ष पुन्हा आला. बॅगा दारात उभ्या होत्या. त्याने आपल्या परीने विचार केलेला दिसत होता. चेहऱ्यावर उपाय सापडल्याचा उजेड होता. "सर, एक जुगाड आहे. आजींनी नाही हललं तरी चालेल. फक्त खुर्ची रोज थोडी सरकवायची. जागा बदलली ना, की मशीनला वाटतं नवीन काहीतरी आलं. मग ते पहिल्यापासून बघतं."

"वा, भावा!" निरंजन म्हणाला. "हे आधी का नाही सुचलं? अंबूबाई सकाळी झाडताना सरकवेल. आत्ताच बघू. नाही, नाही, आई, तू उठू नकोस. बसून राहा."

आणि एका बाजूने मुलाने, दुसऱ्या बाजूने त्या परक्या मुलाने, खुर्ची त्यांच्यासकट उचलली. पाय जमिनीवरून सुटले. पदर खांद्यावरून घसरला, मान एका अंगाला कलली, आणि तेवढ्या अंतरात, बैठकीच्या एका फरशीवरून दुसऱ्या फरशीपर्यंत, त्यांना आपले दोन्ही हात लोंबकळताना दिसले. कोवळ्या उन्हात ज्वारीची ताटे ओली होती. गडी हसत होता. माळ्यावर कुणी एक मुलगी बसली होती आणि तीही हसत होती.

"दिसली!" निरंजन ओरडला. टीव्हीवर गोजाबाईंभोवती हिरवी चौकट उभी राहिली होती, चारी बाजूंनी बरोबर बसलेली. पूनमने टाळ्या वाजवल्या. संघर्षने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्याला वाटले असावे, आपण यांच्यासाठी काही चांगले केले. आणि केलेच होते, त्यात खोटे काही नव्हते. जागा बदलली की वाटतं, जितं हाय. या खोलीत ते वाक्य माहीत असलेले एकच माणूस होते, आणि ते खुर्चीत बसले होते. निरंजन निघताना पाया पडला तेव्हा गोजाबाई रिवाजाप्रमाणे "या" म्हणाल्या. गॅलरीत उभ्या राहिल्या नाहीत.

सोमवारी सकाळी अंबूबाई झाडू टेकवून खुर्चीला हात घालू लागली.

"हात काढ."

"न्हाई, दादा म्हनले हुते, रोज सरकवायची..."

"खुर्चीला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

अंबूबाईने हात काढला. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत तिने भाकऱ्या केल्या आणि ती गेली. दिवा तेवला, विझला. गोजाबाई बसून राहिल्या. आता फोन वाजेल, मग निरंजनचा आवाज चढेल, मग तळेगावची गाडी येईल, गळ्यात चिठ्ठी येईल. आपण काय केले हे त्यांना लख्ख कळत होते, त्या चित्राइतके लख्ख. बोट उचलावे का? मांडीवरचे बोट त्यांनी पाहिले. ते दुसऱ्या कुणाचे असावे तसे पडून होते.

तेवढ्यात गॅलरीच्या उघड्या दारात एक पारवा उतरला. त्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले. दोन पावले आत आला, थांबला, पुन्हा पाहिले. मग त्याची खात्री पटली असावी. तो फरशीवरून ठुमकत पार खुर्चीच्या पायापर्यंत आला आणि त्यांच्या पावलाशी पडलेला भाकरीचा कण टिपू लागला. जन्मात कधी कोणत्या पाखराची त्यांच्या पायाशी येण्याची छाती झाली नव्हती. उजव्या खांद्यात जुनी कळ उठली, गोफण उचलायची. भिंतीवर मोहरीएवढा दिवा लागला. मांडीजवळचा फोन वाजला. आज त्यांनी तो जवळ ठेवला होता. पलीकडून बंगळुरूच्या रस्त्यावरचे भोंगे आणि पूनमचा आवाज, हलका झालेला, जवळजवळ लाडका. "आई, हालचाल दिसली हो फोनवर. हलवलात ना हात? किती बरं वाटलं म्हणून सांगू! अशाच राहा."

गोजाबाई काही बोलल्या नाहीत. पूनमने त्याला होकार मानले आणि फोन ठेवला. पारव्याने कण संपवला, खुर्चीखालून पलीकडे गेला, आणि त्याच्यामागे दिवा तेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई निघताना त्यांनी तिला थांबवले. "ज्वारीचा डबा काढ. ओंजळभर इथं टाक, दारापासून माझ्या पायापर्यंत."

"आक्का, आवं पाखरं येतील घरात!"

"माहीत आहे."

"घान करतील की समदी."

"उद्या झाडशील. टाक."

आणि रोज टाकत जा, असेही त्यांनी सांगितले. हुकूम देताना आवाज जराही हलला नाही. अंबूबाईने दाणे फेकले, खुळ्यासारखे त्यांच्याकडे पाहिले आणि दार ओढून घेतले. गोजाबाईंनी हातावर हात ठेवला. समोरच्या काचेच्या इमारतीवरून एक सावली वळली, गॅलरीचा कठडा काळवंडला, आणि पंखांच्या फडफडाटाने खोली भरून गेली. थवा उतरला. गोजाबाई उठल्या नाहीत.